विद्येचा जमाखर्च : संगणकजाळ्याच्या शिक्षणाविषयी चार शब्द

बारावीचे निकाल लागले म्हणजे जवळा बाजारच्या पेठेत दोन प्रकारची माणसे हाती कागद घेऊन हिंडताना दिसतात. एक, ज्यांना हळदीचा वा सोयाबीनचा भाव पाहावयाचा असतो ते. आणि दुसरे, ज्यांना आपल्या मुलामुलींना पुढे कोठे घालावे हे ठरवावयाचे असते ते. पहिला मनुष्य मालाची मूठ हातात घेऊन पाहतो, हळकुंड मोडून पाहतो, चार आडत्यांकडे चौकशी करतो आणि मगच सौद्यास हात घालतो. दुसरा मनुष्य मात्र, ज्या सौद्यात लेकराच्या आयुष्याची तीन वर्षे व घरची सारी शिल्लक जावयाची, तो सौदा एक रंगीत छापील कागद पाहून एका दुपारात उरकून टाकतो. पुष्कळदा हे दोन्ही प्रकार एकाच मनुष्याच्या ठिकाणी आढळतात, हे अधिक आश्चर्य. ह्या लेखाचा हेतू इतकाच की, जी चिकित्सा आपण हळकुंडाची करतो तीच शिक्षणाचीही करावी, आणि ती कशी करावी ह्याचा एक नमुना वाचकांपुढे ठेवावा.

गेल्या हंगामात एक पालक असाच एक कागद घेऊन मजकडे आले. सोबत त्यांचा बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेला मुलगा होता, व आमच्याच शाळेत नववीत शिकणारी मुलगी होती. कागदावर एका मोठ्या शहरातील खाजगी संस्थेची जाहिरात होती. ‘नेटवर्किंगची पदवी, तीन वर्षे, नोकरीची शंभर टक्के हमी’ असे ठळक अक्षरांत छापले होते. त्या गृहस्थांची कोरडवाहू चार एकर जमीन. त्यांपैकी एक एकर गहाण टाकण्याचे त्यांनी मनाशी ठरविले होते. ते म्हणाले, “सर, पोराचं कल्याण होईल ना ह्यात? तेवढं सांगा, मग मी मागंपुढं बघत नाही.” मी म्हटले, “भाऊ, मागेपुढे पाहण्यासाठीच तर आपण बसलो आहोत.” आणि आम्ही चौघे पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. त्या बैठकीत जे निघाले तेच येथे क्रमाने मांडतो.

ही विद्या आहे तरी कोणती?

ज्या वस्तूस पैसा द्यावयाचा ती वस्तू प्रथम ओळखली पाहिजे. दोन वा अधिक संगणक एकमेकांशी बोलू लागले म्हणजे त्यांचे जाळे झाले. हे बोलणे तारेतून चालते, हवेतील लहरींतून चालते, किंवा केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने चालते. काचेतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनतेसाठी इंटरनेटची सेवा आपल्या देशात सुरू केली. २०११ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायती काचतंतूंनी जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. आज बँकेतील खाते, रुग्णालयातील तपासणीचा कागद, दुकानदाराच्या फळीवर चिकटविलेला तो चौकोनी ठिपक्यांचा पट्टा, ही सारी ह्या जाळ्यावरच चालतात. जाळे तुटले की बँकेच्या दारात रांग लागते, आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य तर आता खेड्यातील आजीबाईंसही पाठ झाले आहे. ते जाळे विणणे, त्याची राखण करणे आणि तुटल्यास सांधणे, ही ह्या विद्येची तीन कामे होत.

ह्या विद्येत गणित किती व कसले लागते, हे मुलांना कळावे म्हणून एक उदाहरण देतो. जाळ्यातील प्रत्येक यंत्रास एक क्रमांक द्यावा लागतो, त्यास आय.पी. पत्ता म्हणतात. जुन्या व अद्याप सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत हा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ ह्यांच्या दरम्यान असतो. समजा, आपल्या शाळेस १९२.१६८.१.० पासून १९२.१६८.१.२५५ पर्यंतचे २५६ क्रमांक वापरावयाचे आहेत. त्यांपैकी पहिला क्रमांक त्या जाळ्याच्या नावासाठी राखून ठेवलेला असतो, व शेवटचा सर्वांस एकदम हाक मारण्यासाठी. म्हणून यंत्रांना देण्यास २५४ उरतात. आता प्रयोगशाळा, कचेरी, ग्रंथालय व शिक्षकांची खोली अशी चार निराळी जाळी करावयाची झाल्यास प्रत्येकाच्या वाट्यास ६४ क्रमांक येतील. परंतु प्रत्येक वाटणीत पुन्हा पहिला व शेवटचा सोडावा लागेल, म्हणजे ६२ उरतील. चार वेळा ६२ म्हणजे २४८. एकत्र होते तेव्हा २५४ होते; वाटण्या होताच सहा गेले. शेताच्या वाटण्या झाल्या म्हणजे बांधात जमीन जाते, तसाच हा प्रकार होय. ज्या मुलास हा हिशेब करताना कंटाळा न येता गंमत वाटते, त्याने ह्या मार्गाचा विचार जरूर करावा. ज्यास केवळ भ्रमणध्वनी चाळण्याची आवड आहे, त्याने ती आवड म्हणजे ह्या विद्येची आवड असे समजू नये. माझ्या समोरच्या मुलाने हे उदाहरण थोडे अडखळत, पण स्वतःच्या बुद्धीने सोडविले. त्याच्या बहिणीने त्याच्या आधी सोडविले होते. ती काही बोलली नाही, परंतु तिच्या पाटीवर उत्तर लिहिलेले मला दिसत होते.

पायऱ्या किती व कोणत्या?

अमेरिकेत ह्या प्रकारच्या शिक्षणासाठी कम्युनिटी कॉलेज नावाच्या संस्था आहेत. इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी १९०१ मध्ये निघालेले कॉलेज हे त्यांतील सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज मानले जाते, व १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर ह्या संस्थांचा विशेष प्रसार झाला. घराजवळ राहून, थोड्या खर्चात, दोन वर्षांत एक उपयोगी विद्या शिकावी; वाटल्यास त्यावर नोकरी धरावी, वाटल्यास मिळविलेले श्रेयांक घेऊन विद्यापीठात पुढे जावे, ही त्यांची कल्पना. आपल्या देशात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये असे कॉलेज काढले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची, व २०१४ मध्ये बी.व्होक. ह्या पदवीची योजना आखली. बी.व्होक.मध्ये एक वर्ष पूर्ण करणाऱ्यास पदविका, दोन वर्षांस प्रगत पदविका व तीन वर्षांस पदवी, अशी सोय आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाने दिलेली ही पदवी, जेथे ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ एवढीच अट असते अशा स्पर्धापरीक्षांस चालते.

परंतु कम्युनिटी कॉलेज हे नाव आपल्याकडे नवे असले तरी ती कल्पना जुनीच आहे. आपण तिला निराळ्या नावांनी ओळखतो. आपल्या मुलांपुढील पायऱ्या येणेप्रमाणे आहेत :

(१) औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आय.टी.आय. ह्या संस्थांची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. संगणकाची यंत्रसामग्री व जाळ्याची देखभाल हा एक वर्षाचा, आणि माहिती-संपर्क यंत्रणेची देखभाल हा दोन वर्षांचा, असे दोन व्यवसाय तीत आहेत. प्रत्येक संस्थेत प्रत्येक व्यवसाय नसतो. तो कोठे आहे ते प्रवेशाच्या यादीत पाहावे.

(२) तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका. ही दहावीनंतर मिळते. बारावी विज्ञान, किंवा दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. उत्तीर्ण झालेल्यास थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. म्हणजे त्यास ही पदविका दोनच वर्षांची पडते. हिंगोलीस शासकीय तंत्रनिकेतन आहे, नांदेडासही आहे. पदविका चांगल्या गुणांनी मिळविणाऱ्यास अभियांत्रिकीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट जाता येते.

(३) विद्यापीठाची पदवी : बी.एस्सी., बी.सी.ए., बी.व्होक. इत्यादी. हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. हे विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. जे नोकरी सांभाळून शिकतात त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

(४) कंपन्यांची प्रमाणपत्रे. सिस्को कंपनीचे सी.सी.एन.ए. हे त्यांत प्रसिद्ध असून ते १९९८ पासून दिले जाते. त्याच्या परीक्षेचे शुल्क तीनशे डॉलर आहे व कर निराळा. हे प्रमाणपत्र तीन वर्षेच चालते. पुढे ते नवे करून घ्यावे लागते. विळ्यास जशी वरचेवर धार लावावी लागते, तसे ह्या विद्येचे आहे. मात्र त्याच कंपनीच्या अकादमीचे ‘पॅकेट ट्रेसर’ नावाचे साधन विनामूल्य मिळते. त्यात खरी यंत्रे विकत न घेता पडद्यावर जाळी विणून पाहता येतात. ज्यास ही विद्या आपल्याला मानवते की नाही हे पाहावयाचे असेल, त्याने एक रुपयाही भरण्यापूर्वी दोन महिने ह्या साधनावर हात चालवून पाहावा.

जमाखर्चाची वही

आता पाटीवरचा हिशेब. पुढील रकमा आम्ही नमुन्यादाखल धरल्या होत्या. प्रत्येक वाचकाने त्या जागी आपल्या माहितीच्या खऱ्या रकमा घालाव्यात. महत्त्व रकमांस नसून रकान्यांस आहे.

जाहिरातीतील अभ्यासक्रम शहरात तीन वर्षांचा. शुल्क वर्षास ६०,००० धरले तर तीन वर्षांचे १,८०,००० होतात. त्या गृहस्थांनी घरून निघताना येथपर्यंतच हिशेब केला होता. परंतु मुलगा तेथे राहणार कोठे आणि जेवणार काय? खोली व खानावळ मिळून महिन्यास ८,००० धरले, व वर्षाचे दहा महिने, तर वर्षास ८०,००० आणि तीन वर्षांस २,४०,०००. म्हणजे जो खर्च जाहिरातीत छापलेलाच नव्हता तो छापलेल्या खर्चाहून मोठा निघाला. संगणक, पुस्तके, परीक्षा व येणे-जाणे ह्यांचे ५०,००० मिळविले. एकूण ४,७०,०००.

दुसरी वाट अशी. मुलगा बारावी विज्ञान उत्तीर्ण असल्याने त्यास शासकीय तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट जाता येईल, अर्थात गुणवत्तायादीत नाव लागल्यास. शुल्क वर्षास १०,००० धरले, एस.टी.चा पास, पुस्तके व किरकोळ खर्च वर्षास २०,००० धरला, तर दोन वर्षांचे ६०,००० झाले. संगणकाचे ४०,००० मिळविले. एकूण १,००,०००.

ह्यानंतर एक रकाना असा आहे की, तो कोणीच लिहीत नाही. मुलगा शिकत आहे तोवर तो कमावीत नाही. वर्षातून दीडशे दिवस काम व दिवसास ३०० रुपये मजुरी एवढेच धरले तरी वर्षास ४५,००० हुकतात. तीन वर्षांचे १,३५,०००, दोन वर्षांचे ९०,०००. हे मिळविता पहिली वाट ६,०५,००० ची झाली व दुसरी १,९०,००० ची. ह्यावरून ‘मग शिकूच नये’ असा अर्थ कोणी काढू नये. मजुरीचा दिवस गेला की त्याची कमाई संपली. विद्या मात्र पुढील तीस-चाळीस वर्षे कमावीत राहते. परंतु एक वर्षाचा मार्ग आणि तीन वर्षांचा मार्ग ह्यांची तुलना करताना ही हुकलेली वर्षे वहीत मांडलीच पाहिजेत.

उरला व्याजाचा रकाना. तीन लक्ष रुपये बँकेकडून दरसाल शेकडा दहा दराने सरळव्याजाने घेतले, तर चार वर्षांचे व्याज १,२०,००० होते. तेच तीन लक्ष सावकाराकडून दरमहा शेकडा तीन दराने घेतले, तर महिन्यास ९,००० व चार वर्षांस ४,३२,००० व्याज होते. म्हणजे मुद्दल तसेच राहून व्याज मुद्दलाच्या पुढे निघून जाते. ‘महिन्याला तीन रुपये’ हे बोलावयास किती लहान वाटते! वर्षाचे ते छत्तीस होतात, हे वहीत लिहिल्यावाचून डोळ्यांस दिसत नाही. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या सर्वसामान्य योजनेत चार लक्षांपर्यंत तारण मागत नाहीत, आणि फेड अभ्यासक्रम संपल्यावर काही काळाने सुरू होते. तेव्हा ज्यास कर्ज घेणेच भाग आहे त्याने प्रथम बँकेची पायरी चढावी; जमिनीचा कागद पेटीतून सर्वांच्या शेवटी काढावा.

शिवाय, ज्या सवलती आपल्या हक्काच्या आहेत त्या न मागता सोडणे ही उधळपट्टीच होय. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गांच्या शिष्यवृत्त्या, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना ह्या सर्वांची माहिती प्रवेशापूर्वीच मिळवावी. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने असाही निर्णय केला की, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्ग ह्यांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लक्षांच्या आत आहे, त्यांच्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश मिळाल्यास शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ व्हावे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास ही माफी नाही. कोणत्या सवलतीस कोणता दाखला लागतो ते मे महिन्यातच विचारून ठेवावे; जुलैत तहसील कचेरीपुढे जी गर्दी होते तीत पुष्कळांच्या सवलती बुडतात.

पदरी काय पडते?

खर्चाची बाजू झाली, आता जमेची. येथे पालकांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. पहिली नोकरी लहानच असते. तारा ओढणे, पेट्या बसविणे, तक्रार आली की मोटारसायकलवर धावणे, रात्रपाळीस पडद्यावर डोळा ठेवून बसणे, ह्या कामांनीच बहुतेकांचा आरंभ होतो. समजा, शहरात महिन्यास १५,००० मिळू लागले व राहण्या-जेवण्यास ९,००० गेले, तर शिल्लक ६,००० उरते. ‘ह्या शिलकीतून ४,७०,००० फिटावयास किती महिने लागतील?’ असे मी विचारले. मुलगा कागद शोधू लागला, तोच मुलगी हळूच म्हणाली, “अठ्ठ्याहत्तर महिन्यांहून जास्त, सर, साडेसहा वर्षं. व्याज वेगळं.” आणि एक लक्ष? “सतरा महिने.” वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

लहान आरंभाची लाज बाळगण्याचे मात्र कारण नाही. ज्याने दोन वर्षे स्वतः तारा जोडल्या, त्यास जाळे कोठे तुटते ते हातास कळते. आणि त्यावर सी.सी.एन.ए.सारखे प्रमाणपत्र मिळविले तर पुढची पायरी चढता येते. प्रमाणपत्र आधी व हात मागाहून, असा क्रम लावणाऱ्यास मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नास अडखळावे लागते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आय.टी.आय. व पदविका झालेल्यांना कारखान्यांत व कचेऱ्यांत उमेदवारी करता येते, आणि त्या काळात विद्यावेतनही मिळते. ज्या शिक्षणात शिकता शिकता चार पैसे हाती येतात, त्यास कमी लेखू नये.

नोकऱ्या पुण्या-मुंबईस अधिक आहेत ही गोष्ट खरी. तथापि आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. परभणी, नांदेड व हिंगोली येथील बँका, रुग्णालये, महाविद्यालये व इंटरनेट पुरविणारे व्यावसायिक ह्यांना जाळी सांधणारा माणूस लागतोच. आपल्याच तालुक्यात औंढा नागनाथाजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली असून तिचा अंदाजी खर्च २,६०० कोटी रुपये आहे. तिच्या काटकोनातील दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. तेथे आपल्यापैकी कोणास काम मिळेलच असे भविष्य वर्तविणे शहाणपणाचे नव्हे. परंतु जगातील अतिसूक्ष्म मापनाचे काम ज्या तालुक्यात व्हावयाचे, तेथील मुलांना जाळ्याचे मूळाक्षरही ठाऊक नसावे, हे तरी शोभेल काय?

काही घरांतून असेही विचारतात की, नातेवाईक अमेरिकेत आहेत, तर मुलास तेथीलच कम्युनिटी कॉलेजात का घालू नये? तेथील सरकारी कॉलेजात स्थानिक रहिवाशास वर्षाचे शिक्षणशुल्क सरासरीने सुमारे चार हजार डॉलर पडते, हे खरे आहे. परंतु हा भाव स्थानिकांचा आहे. परदेशी विद्यार्थ्यास त्याहून कितीतरी अधिक द्यावे लागते, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च निराळा. जे मराठी कुटुंब तेथे स्थायिक झाले आहे त्याच्या मुलांसाठी हा मार्ग उत्तम, कारण दोन वर्षे स्वस्तात काढून पुढे विद्यापीठात जाता येते. येथून केवळ त्याच पदविकेसाठी मुलास धाडणे म्हणजे पाण्यासाठी घरची विहीर सोडून समुद्र ओलांडणे होय.

संस्थेस विचारावयाचे चार प्रश्न

ह्याचा अर्थ खाजगी व महागडी संस्था नेहमी वाईटच असते, असा नव्हे. चांगल्याही पुष्कळ आहेत, आणि चांगल्या संस्थेस दिलेला पैसा वाया जात नाही. म्हणून नावावर न जाता पुढील चार प्रश्न विचारावेत :

पहिला : पदवी वा पदविका देणारे कोण? विद्यापीठ कोणते? तंत्रशिक्षण मंडळाची, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, अथवा व्यवसाय शिक्षण संचालनालयाची मान्यता आहे काय? तोंडी उत्तर घेऊ नये, कागद पाहावा. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो, तीही पाहावी.

दुसरा : प्रयोगशाळा दाखवाल काय? राउटर व स्विच ही यंत्रे किती, आणि मुले किती? काचेच्या कपाटात कुलूपबंद यंत्रे असतील, तर ती शोभेसाठी आहेत असे समजावे.

तिसरा : मागील दोन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत? संस्थेने सांगितलेल्या नावांवर न थांबता त्यांपैकी दोघांशी स्वतः बोलावे. हमी शंभर टक्के असेल, तर तिचा करार कागदावर मागावा.

चौथा : येथून पुढे वाट कोणती? ह्या शिक्षणावर वरच्या वर्गात प्रवेश मिळतो काय? मध्येच शिक्षण सोडावे लागले तर हाती काही प्रमाणपत्र राहते काय, व भरलेल्या शुल्कापैकी किती परत मिळते? ज्या जिन्यास पुढची पायरी नाही तो जिना नव्हे, तो ओटा होय.

आमच्या त्या गृहस्थांच्या कागदावर पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे नाव कोठेही नव्हते. त्यांनी तेथूनच दूरध्वनी करून विचारले. उत्तर आले, “आधी पाच हजार भरून जागा पक्की करा, मग सगळं सांगतो.” त्यांनी दूरध्वनी खाली ठेवला.

राहिलेला रकाना

बैठक संपत आली तेव्हा मी म्हटले, “भाऊ, वहीत एक रकाना अजून कोरा आहे. एक एकर आज थोरल्यासाठी गहाण पडले, तर तीन वर्षांनी ह्या मुलीची बारावी झालेली असेल. तेव्हा वहीत काय शिल्लक असेल?” ते म्हणाले, “सर, हिचं म्हणजे… पुढं बघू.” इतका वेळ आकडे चटचट सांगणारी ती मुलगी त्या क्षणी पाटी पुसू लागली.

वाचकहो, पालकांचा हेतू वाईट होता असे मुळीच नव्हे. आपल्या बहुतेक घरांत हिशेबाची वही थोरल्या मुलापाशी सुरू होते व त्याच्यापाशीच संपते. जो पैसा एकास पुरेल तो दोघांत कसा वाटावा, हा प्रश्न वहीत लिहिलाच जात नाही. म्हणून त्याचे उत्तरही न लिहिताच ठरून जाते. परंतु आमच्या पाटीवरच्या दोन वाटांमध्ये ३,७०,००० रुपयांचे अंतर होते. स्वस्त वाटेने मुलगा गेला तर मुलीच्या शिक्षणाची तरतूद त्या अंतरातच होती. जमिनीस हात लावण्याचे कारण नव्हते. महागड्या वाटेने तो गेला असता, तर त्याच्या शुल्काचा एक भाग त्याच्या बहिणीने भरला असता, आणि तिला ते कोणी सांगितलेही नसते. हेच मला ह्या लेखात मुख्यतः सांगावयाचे आहे. शिक्षणाची किंमत केवळ शिकणारा भरीत नाही. सारे घर भरते. म्हणून हिशेब साऱ्या घराचा झाला पाहिजे.

पुढे त्या मुलाने शासकीय तंत्रनिकेतनांच्या प्रवेशाचा अर्ज भरला. यादीत नाव लागले नाही तर आय.टी.आय.चा अर्जही त्याने सोबत भरून ठेवला. त्यास दुसऱ्या फेरीत पदविकेची जागा मिळाली. तो पहाटेच्या एस.टी.ने जातो व अंधार पडता परततो. त्यास पुढे कोणती नोकरी लागेल हे मी सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून सावध राहावे असेच मी म्हणेन. जमिनीचा कागद मात्र पेटीत आहे. मुलगी आता दहावीत असून रविवारी भावाच्या संगणकावर पॅकेट ट्रेसर उघडून जाळी विणीत बसते. मागील आठवड्यात तिने शाळेच्या चार खोल्यांचे जाळे काढून मला आणून दाखविले. वाटण्या बरोबर होत्या, आणि बांधही.

विद्यार्थिमित्रहो, आपले आईबाप तुमच्यासाठी मागेपुढे न पाहता उडी घ्यावयास तयार असतात. तो त्यांच्या प्रेमाचा दोष आहे, आणि थोरवीही आहे. त्यांच्या वतीने मागेपुढे पाहणे हे तुमचे काम होय. येत्या सुटीत घरातील सर्वांना एकत्र बसवा, एक वही घ्या, आणि तीत शुल्क, राहणे-जेवणे, हुकलेली कमाई, व्याज व भावंडे असे पाच रकाने आखा. पाचवा रकाना विसरू नका. ज्या दिवशी तो भरून होईल, त्या दिवशी कोणता अभ्यासक्रम घ्यावा हे तुम्हांस कोणा जाहिरातीस विचारावे लागणार नाही.